बरं, सांगते

१

गोटीराम तांडेल दुपारी सव्वा वाजता गेला आणि त्याची बायको पुतळा हॉस्पिटलात पोचली चार वाजता. तळोज्याच्या कारखान्यात सकाळी साडेदहाला त्याच्या अंगावर उकळतं काहीतरी उडालं होतं. जीप करून त्याला नेरूळला आणलं. अडीच तास तो शुद्धीवर होता आणि बायकोला हाका मारत होता. ती त्या वेळी हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर, आमच्या सोसायटीच्या गेटाशी पाटी घेऊन बसली होती आणि मला बोंबील निवडून देत होती.



मी चारुलता गुप्ते. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली, शेवटची नऊ मॉनिटर म्हणून. पंचवीस मुलींच्या मागे उभं राहून त्यांच्या कानातलं आपल्या कानात ऐकायचं, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर मी नेरूळला सेक्टरातल्या चार मजली इमारतीत राहायला आले. हे घडलं तेव्हा १९९५ सालचा एप्रिल होता. आमच्या सोळा बिऱ्हाडांत फोन होते तीन. एक माझा, एक तळमजल्यावरच्या जयप्रकाश टिपणीसांचा आणि एक दुसऱ्या मजल्यावरच्या सुनीती सामंतचा. बाकीचे लोक नंबर लावून बसले होते, कुणी पाच वर्षं, कुणी सात.

सुनीतीचा नंबर पुतळेनं कारखान्यात दिला होता. बुधवार, शुक्रवार, रविवार ती साडेदहा ते बारा आमच्या गेटावर असायची. काही लागलं-बिगलं तर सामंतवहिनी बाल्कनीतून हाक मारतील, एवढा साधा हिशेब. सुनीतीही हौसेनं म्हणाली होती, "दे गं, त्यात काय एवढं!"

त्या बुधवारी कारखान्यातून अकराला फोन आला होता. फोन करणाऱ्या माणसाला बाईच्या आवाजात उत्तर मिळालं, "बरं, सांगते." आणि पुतळेला कुणीही काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी हे बाहेर आलं, तेव्हा जिन्यात सगळे जमले. सुनीती रडतरडत म्हणाली, "फोन आला होता. कुणी पुरुष काहीतरी लागलं-बिगलं म्हणत होता. मला वाटलं टिपणीसकाकांचा चाळा. त्या आठवड्यात तीनदा असेच फोन केले त्यांनी. मी वैतागून आदळला."

सगळ्यांच्या माना तळमजल्याच्या दाराकडे वळल्या. जयप्रकाशराव उंबऱ्यातच उभे होते. त्यांनी "नाही" म्हटलं नाही.

२

जयप्रकाशरावांचा चाळा काय, ते सांगायला हवं.

बायको गेल्यावर या माणसाला घर खायला उठलं. मंत्रालयात विधी खात्यात हयात गेलेली, मुलं नाहीत. एक दिवस त्यांनी डिरेक्टरीतला कुठलाही एक नंबर फिरवला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "नमस्कार, मी तुमच्या गच्चीवरचा अँटेना बोलतोय. मान आखडलीय, मला जरा उत्तरेला वळवता का?" पलीकडच्या बाई आधी गप्प झाल्या, मग हसत सुटल्या. तेव्हापासून संध्याकाळी पाच ते सहा, दिवसाला एक फोन.

पण माणूस विधी खात्यातला. गमतीचीही त्यांनी वही केली. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असताना त्यांनी ती आम्हा सगळ्यांना वाचून दाखवली होती. अपघात, आजार, मरण, पोलीस आणि पैसा, यांचं नाव गमतीत काढायचं नाही. सरकारी माणूस असल्याचं सोंग आणायचं नाही. एका घरी पुन्हा फोन करायचा नाही. समोरचा "नको" म्हणाला की थांबायचं. आणि शेवटी आपलं खरं नाव सांगून माफी मागायची. "त्रास, धमकी, शिवी आणि खोटी ओळख," ते म्हणाले होते, "यांतलं एक जरी आलं ना, की गंमत संपली आणि गुन्हा सुरू झाला." आपल्या सोसायटीत फोन करायचा नाही, हेही त्यात होतं. कारण जिन्यात तोंड दाखवायचं असतं.

सुनीती त्या रात्री सगळ्यांत मोठ्यानं हसली होती.

जिन्यातल्या त्या प्रकारानंतर चार-पाच दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते खुर्चीत बसले होते. स्टोव्हवर भात करपला होता आणि त्यांना वास येत नव्हता. मी जाऊन स्टोव्ह बंद केला.

"केले होते का हो तीन फोन?" मी सरळ विचारलं.

"वहीत नाहीत."

"वहीचं नाही, तुमचं विचारतेय."

त्यांनी चष्मा काढला. "चारुलताबाई, ती बाई रडून सांगतेय. खोटं कशाला सांगेल? हल्ली मी विसरतो. परवा दूध दोनदा घेतलं. केलेही असतील फोन." मग हळूच म्हणाले, "रविवारी मीटिंग आहे. सेक्रेटरींनी तक्रार लिहून ठेवलीय. पुतळाबाईंनी सही केली की ती पोलिसांत जाईल. मीही कबुली लिहून देणार आहे. निदान त्या बाईला कळेल, तिचा नवरा कुणामुळे एकटा मेला."

एकोणसाठ वर्षांचा माणूस न केलेल्या पापावर सही करायला निघाला होता. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली.

३

दहाव्याच्या दिवशी मी करावे गावात पुतळेकडे गेले. दारात बायका बसल्या होत्या. पुतळेच्या मांडीवर सेक्रेटरींचा तो टाईप केलेला कागद घडी करून ठेवला होता.

"बाय, ही सही कर बोलतान," ती म्हणाली. "पन मना खरा सांग. ‘सांगते’ बोलली ती कोन? म्हातारा बाईच्या आवाजान् कसा बोलंल?"

इतकी माणसं जिन्यात जमली होती, सेक्रेटरी बी.ए. एलएल.बी., आणि हा प्रश्न सुचला तो मासळीवालीला. सुनीती म्हणत होती, आदळला. कारखान्याचा माणूस म्हणत होता, ‘बरं, सांगते’ ऐकलं. दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं.

तो माणूस तिथंच होता. शिवराम त्याचं नाव, कारखान्याच्या टाईम ऑफिसात कारकून. गोटीरामचे कागद घेऊन आला होता. पुतळेच्या नजरेला नजर देत नव्हता. मी त्याला वडाखाली नेलं.

"फोन उचलणारी रागावली होती?"

"छे हो मॅडम! शांतपणे ऐकून घेतलं. घाईत वाटली, एवढंच."

"आवाज कसा होता? म्हणजे लाईन कशी होती?"

तो विचारात पडला. "सुरुवातीला खणखणीत होती. मग मधेच आवाज एकदम बसला. मला वाटलं गेली लाईन. पण त्या ‘बरं, सांगते’ म्हणाल्या. ठेवताना मात्र खट्ट झालं, आणि परत एकदा खट्ट झालं."

"दोनदा?"

"दोनदा. का हो?"

"सहज," म्हणून मी त्याला परत दाराशी सोडलं. निरोपाचे शब्द काय होते तेही मी विचारलं नाही. लाईन ऐकायची, माणसांचं बोलणं ऐकायचं नाही, ही खात्यानं लावलेली सवय. पण लाईनचं मला पुरेसं कळलं होतं. बोलताबोलता आवाज मधेच बसतो आणि ठेवताना दोनदा खट्ट वाजतं, याला मॉनिटरच्या भाषेत एकच अर्थ असतो. त्या वेळी त्या नंबरावर दोन रिसीव्हर उचललेले होते.

आणि सुनीतीच्या घरात फोन एकच होता.

४

संध्याकाळी मी सुनीतीकडे चहाला बसले. तिचा चेहरा उतरला होता. गेले दहा दिवस ती धड जेवली नव्हती, हे तिच्या नवऱ्यानं दार उघडतानाच सांगितलं.

"चारुताई, मला त्यावर बोलवत नाही," ती म्हणाली.

"मग नको बोलूस. चहा दे."

ती कपबशा घेऊन आली. फोन कोपऱ्यात क्रोशाच्या रुमालाखाली होता, काळा, तबकडीचा. आम्ही महागाईवर बोललो, पाण्यावर बोललो. तेवढ्यात फोन अगदी बारीक वाजला, टिण्. थोडं थांबून पुन्हा टिण्, टिण्. पूर्ण घंटी काही झाली नाही.

सुनीती ताडकन उठली आणि तिनं टीव्ही लावला. आवाज इतका मोठा केला की तिचा नवरा आतून ओरडला.

"लाईनमध्ये दोष आहे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "असं होतं मधूनमधून."

एकतीस वर्षं खात्यात काढलेल्या बाईला तिनं ही थाप मारली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! एका लाईनवर दोन फोन जोडले आणि एकाची तबकडी फिरवली, की दुसऱ्याची घंटी अशी कुरकुरते. खात्याला न कळवता घेतलेल्या चोरट्या जोडण्या आम्ही याच खुणेवर पकडायचो. सापडलं की फोन जायचा, आणि परत नंबर लावायचा तर पुन्हा सात वर्षं.

मी बाल्कनीत गेले. खाली पुतळेची बसायची जागा दिसत होती. हाक मारली असती तर तिला कानात बोलल्यासारखी ऐकू गेली असती. खिडकीच्या चौकटीतून केबल टीव्हीची जाड तार वर जात होती. तिला चिकटून आणखी एक बारीक, चपटी तार होती. माझी मान तिच्यामागे वर गेली.

ती तार तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत शिरत होती. तिथं क्षिप्रा दिघे राहायची. लग्नाला दोन वर्षं झालेली, नवरा निशांत मस्कतला.

पण तार कुठेही जाऊ शकते. ती दुसऱ्या कुणाची असू शकते, बंदही असू शकते. तारेवरून मी कुणाचं नाव घेणार नव्हते. एका माणसाचं नाव असंच घेतलं गेलं होतं आणि तो करपलेला भात खात बसला होता.

५

शनिवारी सकाळी मी जयप्रकाशरावांना विचारलं, "मला एक फोन करायचाय. तुमच्या पद्धतीचा. कसा करू?"

त्यांनी माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "आता? या सगळ्यानंतर?"

"कुणाला घाबरवायचं नाही, इतपत मला ठाऊक आहे. आणखी काय?"

त्यांनी वही उघडून पुन्हा मिटली. मग म्हणाले, "खोटं नाव सांगू नका. समोरच्यानं विचारायच्या आधी आपलं सांगा. आणि ज्याला फोन करताय त्याची फजिती दुसऱ्यांपुढे करू नका."

शेवटचं वहीत नव्हतं. त्यांनी ते आत्ताच लिहिल्यासारखं सांगितलं.

गेटाशेजारी देवजीचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या कडेला पिवळा पीसीओचा खोका. मी वाट बघत थांबले. साडेअकराला सुनीती पिशवी घेऊन खाली आली. नवरा कामावर, मुलं नाहीत. घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला लटकत होत्या. देवजीनं तिची डाळ मोजायला घेतली.

मी खोक्यात शिरले, दार लावलं आणि सुनीतीचा नंबर फिरवला.

घंटी वाजू लागली. काचेतून मला सुनीती दिसत होती. ती डाळीतला खडा बघत होती. एक घंटी झाली, दोन झाल्या, तीन. सुनीतीच्या कुलूपबंद घरात फोन वाजत होता. चार.

पाचव्या घंटीला कुणीतरी फोन उचलला.

"हॅलो?" बाईचा आवाज होता, तरुण आणि जरा घाईतला.

"क्षिप्रा," मी म्हणाले, "मी चारुलताकाकू बोलतेय. घाबरू नकोस. मी एकटीच आहे, दुसरं कुणी ऐकत नाहीये. माझ्या घरी येतेस का?"

पलीकडे ती रडायला लागली.

६

सुनीतीलाही मी दुकानातून सोबत आणलं. त्या दोघी माझ्या घरात समोरासमोर बसल्या आणि मी बोलले.

"सुनीती, तू टिपणीसांच्या वहीतलं शब्दन् शब्द ऐकलं होतंस. अपघाताचा फोन ते करणार नाहीत, हे तुला जितकं ठाऊक होतं तितकं त्यांना स्वतःलाही आता खात्रीनं ठाऊक नाही. तेव्हा ‘मला त्यांचा चाळा वाटला’ हे खोटं. तीन फोन खोटे. शिवरामच्या फोनवर कुणी रागावलं नाही, म्हणजे तू आदळला हेही खोटं. बोलता बोलता आवाज बसला, म्हणजे आधी एकीनं उचलला आणि मग दुसरीनं. दोघींनी ऐकलं. आता मला एवढंच सांगा, दोघींनी ऐकून एकीनंही का सांगितलं नाही?"

क्षिप्रानं आधी तोंड उघडलं. "बुधवारी सव्वाअकराला निशांतचा फोन येतो, काकू. आठवड्यातून एकदाच. आमचं ठरलंय, चार घंट्या झाल्या आणि सुनीतीताईंनी उचलला नाही तरच मी उचलायचा. त्या दिवशी मला राहवलं नाही, मी दुसरीलाच उचलला. कारखान्यातला माणूस होता. तो बोलत असतानाच सुनीतीताईंनी खालून उचलल्याचं कळलं. त्याला लवकर सोडावं म्हणून ‘बरं, सांगते’ म्हटलं. मला वाटलं, नंबर त्यांचा, पुतळामावशी त्यांना ओळखते, त्या सांगतील. मी बाल्कनीतून हाक मारली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, तुला कसं कळलं?"

"आणि तू?" मी सुनीतीकडे वळले.

"मी आंघोळीला चालले होते." ती म्हणाली. "उचलला तर कुणी गोटीरामला लागलं म्हणत होता, आणि ही म्हणाली ‘सांगते’. म्हटलं, हिनं सांगितलं की झालं. आंघोळ करून आले, देव पुसले. बारा वाजता खाली बघितलं तर पुतळा नव्हती. मला वाटलं, गेली हॉस्पिटलात."

"मलाही तेच वाटलं," क्षिप्रा म्हणाली.

पुतळा तर पाटी रिकामी झाली म्हणून घरी गेली होती.

"चारुताई, तार काढून टाकली तर हिला नवऱ्याचा आवाज कसा ऐकू येणार?" सुनीती म्हणाली. "मीच दिली होती ती. पोरगी रात्ररात्र रडायची. आणि हे असं झाल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोंडातून टिपणीसकाकांचं नाव गेलं. एकदा गेलं, मग मागे घेता येईना."

दोघीही वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी जयप्रकाशरावांना बोलावून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्यांचा जीव भांड्यात पडेल. तसं काही झालं नाही.

"माझी गंमत निरुपद्रवी होती, हे आता सिद्ध झालं," ते म्हणाले. "कायद्यानंही आणि वहीनंही. पण खोटं लपवायला जागा लागते, चारुलताबाई. ती मी तयार करून ठेवली होती."

"असलं काही बोलू नका," मी म्हटलं.

७

रविवारच्या मीटिंगची वाट आम्ही पाहिली नाही. शनिवारीच दुपारी चौघंही करावे गावात गेलो. जयप्रकाशराव आत यायला तयार नव्हते. ते ओट्यावरच उभे राहिले.

क्षिप्रानंच सांगितलं, पहिल्यापासून, तारेसकट. घरातल्या बायका कुजबुजायला लागल्या. पुतळेची जाऊ मोठ्यानं काहीतरी बोलली आणि क्षिप्राच्या अंगावर धावून गेली. पुतळेनं तिला हातानंच थांबवलं.

मग तिनं तो घडी केलेला कागद उचलला, बाहेर गेली आणि जयप्रकाशरावांच्या हातात दिला. "तुमी जा घरा," ती म्हणाली. "तुमचा काय नाय यात."

ती परत आत येऊन क्षिप्रासमोर बसली. आता ती काय करेल, शाप देईल की पोलिसांत जाईल, याची आम्ही वाट बघत होतो. सुनीतीनं तर हात जोडलेच होते.

"निरोप काय व्हता?" पुतळेनं विचारलं.

"अं?"

"फोनवर काय सांगला त्यानी? शिवरामला विचारला तर तो नुसता रडतो. तू आयकलास ना? मना सांग. जसा सांगला तसाच सांग."

क्षिप्रानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"ते म्हणाले," क्षिप्रा सांगू लागली, "‘पुतळाबाईंना सांगा, गोटीरामला लागलंय. शुद्धीवर आहे, बोलतोय. नेरूळला आणतोय. तो म्हणतोय, पुतळीला बोलवा, ती आल्याबिगर मला आत नेऊ नका. म्हणावं, असेल तशी ये.’"

पुतळेनं ऐकलं. मग ती उठली. खुंटीवरची चादर पदरासारखी खांद्यावर घेतली, दारातल्या चपलांत पाय सरकवले आणि उंबरा ओलांडला.

"कुठं चाललीस गो?" जावेनं घाबरून विचारलं.

"त्यांनी बोलवलाय ना मना," पुतळा म्हणाली.

दोन पावलं गेल्यावर ती थांबली. आमच्याकडे वळून तिनं एकेकीचं तोंड पाहिलं, आणि मग तिथंच अंगणात खाली बसली.